हॉटेल काढण्याआधी नकाशा बघा
वसई-विरारला जाऊन आलेल्या सभासदांचा वृत्तांत



गळीत हंगाम आटोपला की गट ऑफिसात दरवर्षी त्याच त्या चौकशा असतात. दुसरे बिल कधी निघणार, खोडव्याची नोंद झाली का, को ८६०३२ चे बेणे कुठे मिळेल. यंदा मात्र एक नवीच चौकशी वरचेवर येऊ लागली. "साहेब, रोडला लागून दोन एकर आहे. हॉटेलवाला मागतोय. देऊ का?"

पहिला सभासद आला तेव्हा शेतकी खात्याच्या मंडळींनी हसून वेळ मारून नेली. पाचवा आला तेव्हा हसण्यासारखे काही उरले नाही. मागणारा पाहुणा बहुतेक सारखाच असतो. गाडी घेऊन येतो, बांधावर उभा राहून रस्त्याकडे बघतो, आणि महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगतो. शिवाय पोराला गल्ल्यावर बसवतो म्हणतो. आडसालीला सोळा-अठरा महिने राबून, पाणीपाळी, तोड, वाहतूक सगळे सोसून हातात जे येते, त्याच्याशी तो आकडा ताडून बघितला की कुणाचेही डोके फिरेल. आमचेही फिरले असते.

यावर संपादक मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. कुणी म्हणाले, ज्याची जमीन त्याची मर्जी, कारखान्याने त्यात पडू नये. कुणी म्हणाले, ऊस कमी झाला तर पडणार कोण? शेवटी एका जुन्या सभासदांनी तोड काढली. "जिथं हे सगळं आपल्या आधी झालंय तिथं जाऊन बघूया की. इथं बसून तोंडं कशाला वाजवायची?" म्हणून आम्ही अकरा जण वसई-विरारला जाऊन आलो. प्रवासखर्च ज्याचा त्याने केला, हे वार्षिक सभेत विचारले जाण्याआधीच सांगून टाकतो.

वसई म्हटले की आपल्याला चिमाजी अप्पा आणि १७३९ सालची किल्ल्याची लढाई आठवते. किल्ला बघितलाच. पण आम्हाला बघायच्या होत्या त्या वाड्या. किल्ल्यापासून उत्तरेला निर्मळ, आगाशी, अर्नाळ्यापर्यंत समुद्राला समांतर अशी ही बागायतीची पट्टी जाते. केळी, पानवेल, नारळ, भाजीपाला आणि मुंबईच्या बाजारात जाणारी फुले. राजेळी केळी सुकवून त्यांची सुकेळी करतात, ती आगाशीची प्रसिद्ध. आमच्यातल्या दोघांनी घरी नेण्यासाठी म्हणून घेतली आणि गाडीतच संपवली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या वाड्यांतून एके काळी ऊसही होता. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात वसईच्या उसाची नोंद आहे. पाणी रहाटाने काढायचे, विहिरी उथळ, माती वाळूमिश्रित. आजही वाडीतल्या विहिरीत डोकावले तर पाणी हाताशी आल्यासारखे दिसते. वाड्यांमधून जागोजाग जुनी तळी आहेत. त्यांना तिथे बावखळ म्हणतात. पावसाचे पाणी बावखळात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतो. हा तोल मोठा नाजूक असतो. वरून उपसा वाढला, किंवा बावखळ बुजवून वर बांधकाम झाले, की खारे पाणी आत सरकते. विहीर एकदा मचूळ झाली की केळीची बाग गेलीच म्हणून समजा. आपल्याकडे जादा पाण्याने जमिनी चोपण झाल्या, त्यांच्याकडे जादा उपशाने विहिरी खारट होतात. दुखणे वेगळे असले तरी ते अंगावर कसे येते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता नकाशाची गोष्ट सांगतो.

मुंबईच्या वाढीला आळा घालण्यासाठी १९७० च्या दशकात मुंबई महानगर प्रदेशाची योजना झाली. तिच्यात वसईचा बराचसा भाग हिरवा ठेवलेला होता. १९८८ साली राज्य सरकारने फेरबदल करून या पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन नागरी विकासाला मोकळी केली. म्हणजे शेतात काहीच बदलले नव्हते. केळीचा घड तोच, विहीर तीच, सातबाराही तोच. बदलला तो कागदावरचा रंग. पण त्या रंगाने एकरचा भाव रातोरात कुठल्या कुठे गेला.

ज्याला पैसे मिळाले तो खूश झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही तिथल्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी मिळून हरित वसई संरक्षण समिती उभी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या चळवळीचे पुढारी होते. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. मोर्चे निघाले, सभा झाल्या, गुंडगिरीविरुद्धही आवाज उठला. आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याची बाब एवढीच, की ही माणसे नुसती 'हटाव, हटाव' म्हणत बसली नाहीत. नकाशा कोण करतो, कधी करतो आणि त्यावर हरकत कुठे घ्यायची, हे ती शिकली.

१९९० साली सरकारने या भागासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले. सिडकोने केलेली २००१ ते २०२१ ची विकास योजना २००७ साली मंजूर झाली. मग ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांचा त्याला मोठा विरोध होता. २९ गावे महापालिकेत ठेवावीत की वगळावीत, हा वाद पुढे कितीतरी वर्षे मंत्रालयात आणि कोर्टात चालला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. २०१६ साली महानगर प्रदेशाची नवी प्रारूप योजना प्रसिद्ध झाली. हिरव्या विभागातली सवलत वाढल्याचे दिसताच वसईतून हजारो लेखी हरकती गेल्या. हजारो, आणि लेखी. आपल्याकडे अशी योजना जाहीर होते तेव्हा गावातून किती हरकती जातात, हे ज्याने त्याने आठवून बघावे. आम्ही आठवून बघितले. आमच्या अकरा गावांत मिळून एकही नाही. तशी कुठली नोटीस लागली होती हेच कुणाला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव अशी एकामागून एक गावे. काही ठिकाणी सुरूची झाडे आहेत, तिथे वाऱ्याला बसावेसे वाटते. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून लोंढे येतात, त्यामुळे इथे हॉटेले आणि रिसॉर्ट भरपूर झाली आहेत. सगळीच बेकायदेशीर आहेत असे मुळीच नाही. घरच्या वाडीत चार खोल्या बांधून, घरच्या बाईने केलेले जेवण वाढून नीटनेटका धंदा करणारी कुटुंबे आहेत. एका ठिकाणी आम्ही जेवलो. भिंतीवर परवानगीचे कागद चौकटीत लावून ठेवले होते. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकासाठी नाही हो, तपासणीला येणाऱ्यांसाठी आहेत." त्यांची वाडी शाबूत होती. खोल्यांच्या मागे पानवेल चढलेली होती.

पण तिथून थोड्याच अंतरावर दुसरा प्रकारही दिसला. आधी पत्र्याची शेड, मग शेडला भिंत, मग भिंतीवर स्लॅब. पाठीमागे पोहण्याचा तलाव, आणि तो भरायला शेजारच्या वाडीच्या बांधालगत घेतलेली बोअर. त्या वाडीच्या मालकाने आपल्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन आम्हाला चाखायला दिले. जिभेला खारट लागले. "माझ्या बाच्या वेळी याच पाण्याचा चहा व्हायचा," एवढेच तो म्हणाला. बोअर कुणाची ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. शेजारधर्म तिथेही आहे.

समुद्रकाठचे नियम काय आहेत ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण हॉटेलाला जमीन लागते ती किती आणि कशी, हे त्यातून चांगले समजते. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्याच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा राखा. त्यातूनच पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. लोक तिला सी.आर.झेड. म्हणतात. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. तिथे हॉटेल नाही. २०० ते ५०० मीटरमध्ये ठराविक जागी, केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घेऊन, आणि तेही अटींवर. प्लॉट कमीत कमी ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ आपला एक एकर. इमारत तळमजला आणि वर एकच मजला, उंची ९ मीटरच्या आत. चटईक्षेत्र ०.३३.

हा ०.३३ चा आकडा आमच्यातल्या एकाला काही केल्या उमगेना. तेव्हा गाडीतच हिशेब मांडला. चाळीस गुंठ्यांचा प्लॉट असेल तर सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम सव्वातेरा गुंठ्यांच्या आत. त्यातच खोल्या, त्यातच स्वयंपाकघर, त्यातच कचेरी. "मग उरलेल्या सत्तावीस गुंठ्यांत काय करायचं?" "नारळ लावायचे." "तेच तर आधी होते की!" यावर गाडीत बराच वेळ हशा चालला.

पुढची अट पाण्याची. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत हॉटेलासाठी भूजल उपसायचे नाही. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत भूजल खात्याच्या संमतीशिवाय नाही. आणि किनाऱ्यावर लोकांना जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये निदान २० मीटरची वाट. ही वाटेची अट वरवर क्षुल्लक वाटते, पण कोळ्यांना जाळी-होड्या न्यायच्या असतात. गोव्यात दोना पावलाजवळ वांयगिणी किनाऱ्यावर एका बड्या हॉटेलने लोकांची वाट राखण्याची करारातली अट मोडून बांधकाम केले. गावातल्या लोकांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि २० जानेवारी २००९ रोजी न्यायालयाने तेवढा भाग पाडण्याचा हुकूम कायम केला. पुढे गोवा सरकारने कायदाच बदलून हॉटेलला हात दिला, हेही सांगायला हवे. जिंकलेली लढाई हातातून निसटते ती अशी.

किनाऱ्याची अधिसूचना नंतर २०११ आणि २०१९ साली नव्याने निघाली. २०१९ च्या नियमात ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे मंजूर आराखड्याच्या अटीवर ना-विकास पट्टा ५० मीटरचा, बाकीच्या ठिकाणी २०० मीटरच. दीडशे मीटर म्हणजे आपल्याकडच्या अख्ख्या पट्टीची लांबी. एका ओळीच्या फरकाने ती इकडची तिकडे होते.

वसईच्या उत्तरेला त्याच पालघर जिल्ह्यात डहाणू तालुका आहे. तिथे आणखी वेगळा कायदा. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने संपूर्ण तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. चिकूच्या बागा, हिरवे पट्टे आणि आदिवासी भागांतला जमिनीचा वापर बदलण्यावर बंधने आली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर महाबळेश्वर-पाचगणी. तोही भाग जानेवारी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी आहेत त्या सभासदांनी हे नीट ध्यानात घ्यावे. शेतात बिबट्या येतो एवढीच काळजी करून भागणार नाही.

येताना नालासोपारा पूर्वेला थोडे थांबलो. तिथे सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी विकास योजनेत राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. हॉटेले नव्हेत, माणसांची घरे. घर घेताना रंगीत कागद सगळ्यांनी बघितले असतील. आरक्षणाचा नकाशा कुणी बघितला असेल असे वाटत नाही. मोकळी झालेली ती जागा बघून गाडीतली चेष्टामस्करी आपोआप थांबली.

तर आता आपल्या रस्त्याकडेच्या दोन एकरांकडे येऊ.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे, की जमीन एन.ए. झाली म्हणजे झाले. हे अर्धवट आहे. शेतजमिनीचा वापर बदलण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ४२ ची तरतूद आली. २०१७ पासून कलम ४२ ब, क आणि ड यांमुळे मंजूर योजनेच्या भागात वेगळी परवानगी मागत फिरण्याची गरज कमी झाली, रूपांतर कर भरून काम भागू लागले, आणि तेव्हापासून सरकार ही वाट सोपीच करत आले आहे. पण वाट सोपी झाली ती योजनेत जो वापर मान्य आहे त्याच्यासाठी. तुमचा गट कुठल्या विभागात पडतो, शेती, ना-विकास, रहिवासी की व्यापारी, हे वेगळ्या कायद्याने ठरते. तोही १९६६ चाच. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. महसुलाच्या दारातून आत शिरलात म्हणून नगररचनेचे दार आपोआप उघडत नाही. गावठाणाजवळच्या २०० मीटरच्या सवलतीचे नाव सांगूनही काही दलाल फिरत आहेत. ती सवलत प्रामुख्याने रहिवासासाठी आहे. गावठाणाला लागून आहे म्हणून लॉजिंग-बोर्डिंग चालेल, हा त्यांचा अर्थ मनाचा आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात शेती विभागातही काही ठराविक वापरांना जागा ठेवली आहे, पण रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार, चटईक्षेत्र आणि अधिमूल्य या अटी घालून. आपल्या गटाला त्यातले काय लागू आहे, ते जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे. झोन दाखला आणि भाग नकाशा असे दोन कागद मागायचे. सोबत चालू सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडायचा. दलालाने मोबाईलवर दाखवलेला रंगीत नकाशा हा दाखला नव्हे.

मग रस्ता. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरला इमारत रेषा आणि ७५ मीटरला नियंत्रण रेषा धरतात. ४० मीटरच्या आत बांधता येत नाही, ४० ते ७५ च्या दरम्यान रस्त्याच्या खात्याच्या संमतीशिवाय नाही. ज्याचे रान रस्त्याला लागून लांबट आणि अरुंद आहे त्याने टेप घेऊन जाऊन मोजावे. आमच्यातल्या एकाने परत आल्यावर मोजले. त्याचे अर्धे रान रेषेच्या आतच निघाले. शिवाय महामार्गावरून आत वळण घ्यायची परवानगी वेगळी, अग्निशमनाचा दाखला वेगळा, प्रदूषण मंडळाची संमती वेगळी, आणि खाण्याच्या पदार्थांचा परवाना वेगळा.

काही पाहुण्यांचा सगळा हिशेब जेवणावर नसून बाटलीवर असतो. त्यांना २०१७ सालची आठवण द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना ते अंतर २२० मीटर झाले. पुढे शहरी हद्दीला मोकळीक मिळाली आणि मग राज्यांना काही बाबतींत ठरवण्याची मुभा आली. पण त्या वर्षी किती हॉटेलांना कुलूप लागले ते आपण रस्त्याने जाता-येता बघितले आहे. भाडे भरणारा उठून गेला, शेड मात्र शेतकऱ्याच्या रानात राहिली.

सगळ्यात कळीचा मुद्दा भाडेपट्ट्याचा. बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळकायद्याचे कलम ६३. म्हणून पाहुणा विकत मागत नाही, भाड्याने मागतो. शंभराच्या नाहीतर पाचशेच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार, 'परवानग्या आम्ही बघतो' असे तोंडी आश्वासन. पण विनापरवाना बांधकामाची नोटीस निघते ती नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली मालक, विकसक किंवा ताबेदार यांच्यावर. चोवीस तासांची. कलम ५२ खाली शिक्षा आहे, एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. पाहुण्याचा पत्ता करारात असतो तो बहुधा दुसऱ्याच कुणाचा. सातबाऱ्यावर नाव तुमचे. तेव्हा नोटीस घेऊन येणारा माणूस कुणाच्या दारात येणार?

आपल्याच एका सभासदाच्या बाबतीत हे घडले. नाव देत नाही, त्यांनी परवानगी दिली आहे ती गोष्ट सांगण्याची, नाव छापण्याची नव्हे. तीस गुंठे दिले होते. पाहुण्याने मुरूम टाकला, काँक्रीट केले, शेड उभी केली, सात महिने भाडे दिले आणि नोटीस आली त्या आठवड्यात गल्ला घेऊन निघून गेला. शेड पाडण्याचा खर्च सभासदाच्या अंगावर. आता त्या तीस गुंठ्यांतला मुरूम काढून माती भरणे चालू आहे. आम्ही बघायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, सात महिन्यांचं भाडं आन् ह्या मातीच्या ट्रॉल्या, हिशेब घालून बघितला. माती जास्त झाली." पहिल्या वर्षी तिथे ताग घ्यायचा त्यांचा विचार आहे. ऊस लगेच येणार नाही.

म्हणजे रस्त्याकडेला काहीच करू नये असे आमचे म्हणणे नाही. पोरगा शिकून घरी बसला आहे, पाण्याची ओढ आहे, उसाचे बिल कधी वेळेवर तर कधी नाही. घरचा धंदा उभा करावासा वाटला तर त्यात गैर काय? अशांसाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला आठ खोल्यांपर्यंत कृषी पर्यटन केंद्र चालवता येते. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. शेती चालू ठेवायची ही त्यातली मुख्य गोष्ट. गुऱ्हाळ दाखवा, ताजा रस पाजा, चुलीवरची भाकरी वाढा. बारामतीकडे अशी केंद्रे पुष्कळ वर्षे चालू आहेत. मात्र तिथेही बांधकामाची परवानगी आणि झोन दाखला चुकत नाही. नोंदणीचा कागद म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे, एवढे पक्के समजून असावे. वसईला ज्या घरी आम्ही जेवलो ते कुटुंब याच वाटेने गेलेले. चार खोल्या त्यांनी सहा वर्षांत बांधल्या. एकदम बांधल्या असत्या तर कर्ज फेडायला वाडी विकावी लागली असती, असे ते म्हणाले.

दुसरी एक गोष्ट ठरवली आहे. आपल्या भागाची कुठलीही प्रारूप विकास योजना, प्रादेशिक योजना किंवा त्यातला फेरबदल प्रसिद्ध झाला, की गट ऑफिसच्या फलकावर त्याची नोटीस आणि हरकतीची शेवटची तारीख लावली जाईल. तलाठी चावडी, ग्रामपंचायत आणि नगररचना कार्यालय या तिन्ही ठिकाणी चौकशी करण्यासाठी प्रत्येक गटात दोघा सभासदांनी जबाबदारी घेतली आहे. हरकत साध्या कागदावर चालते. गट नंबर, आपली अडचण, मागणी आणि सही. पोच घ्यायला विसरू नये. मुदत संपल्यावर दिलेला अर्ज कितीही खरा असला तरी तो फायलीत जातो, नकाशात जात नाही.

ज्या सभासदाच्या चौकशीवरून हा सारा खटाटोप झाला, त्यांनी झोन दाखल्यासाठी अर्ज दिला आहे. पाहुणा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला बांधावर न बसवता सरळ विचारले, "तुमच्या नावानं नोटीस घ्यायला तयार आहात का? तसं रजिस्टर करारात लिहून द्या." पाहुणा चहा न घेता गेला. दाखला अजून यायचा आहे. तोवर त्यांनी खोडव्याची पाचट सरीत बसवून घेतली आणि पाणी सोडले.